पुंडलिकरावांच्या जोडीचा टाइम दारातच अडकला त्याची हकिकत

अड्याळ,
पट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थस्वरूप सेवकराममामा यांना,

तृप्तीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून लिहिते आहे, कारण माझं टेबल पटाच्या मंडपात गेलं ते अजून घरी परतलेलं नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीने दिलेलं तेल गुडघ्यालाच लावता ना, की दुकानाच्या शटरला? आम्ही इकडे सगळे मजेत. आई ठणठणीत आहे, बाबांचा आवाज तेवढा बसला आहे. तो काहून बसला हे पुढे येईलच.

फोन करायचा सोडून पोरगी पत्र कायले लिहिते, असं तुम्ही मामीला विचाराल. मामा, तुमचं दुकान पडलं लाखनीच्या ऐन हायवेवर. मागे मी तुम्हाला फोनवर ओरडून सांगितलं की मला नोकरी लागली. नेमका तेव्हा एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, आणि तुम्ही आईला कळवलं की पोरीला ठोकर लागली. आई आणि बाबा हळद, पट्टी घेऊन नागपूरला पोचले तेव्हा मी मैत्रिणींना पेढे वाटत होते. म्हणून ही हकिकत कागदावर. कागदाला हॉर्न ऐकू येत नाही.

तर यंदा गावच्या शंकरपटाचे अध्यक्ष आपले बाबा. तुमचे भाऊजी टिकारामजी अध्यक्ष झाले म्हणून आईने गणपतीला नारळ फोडला आणि बाबांनी नवीन पांढरा दुपट्टा घेतला. तुम्ही गाव सोडून हायवेला लागलात त्याला जमाना झाला, पण पट विसरला नसाल. एकेक बैलजोडी दानावरून, त्या धावायच्या पट्टीवरून, सुटते, जिला सगळ्यात कमी वेळ लागला ती पहिली, आणि कुणाला किती वेळ लागला यावरून पुढचं वर्षभर भांडण. आतापर्यंत वेळ मोजायची ती पुंडलिकरावांनी, त्यांच्या हातातल्या, अंगठ्याने दाबायच्या घडीवर. माणूस सरळ, पण त्यांच्या अंगठ्यावर गावात जितका संशय घेतला जातो तितका सावकाराच्या तराजूवरही घेतला गेला नसेल. हे भांडण आपल्या अध्यक्षपदाच्या काळात होऊ द्यायचं नाही, असं बाबांनी मनात घेतलं आणि पवनीहून टाइमची मशीन मागवली. सुरुवातीला दोन खांब, शेवटी दोन खांब, मधून अदृश्य किरण. बैलाने तो तोडला की वेळ नोंद. मशीन घेऊन आला अमर नावाचा मुलगा. (उंच आहे, बोलतो कमी, शर्टाच्या बाह्या नीट दुमडतो. पण या गोष्टींचा हकिकतीशी संबंध नाही.)

पुंडलिकरावांना हे झोंबलं. सभेत ते उभे राहून म्हणाले, "डब्यात टाइम भरून आणाले हा का गारुड्याचा खेळ हाय?" बाबांनी त्यांना चहा पाजला, पण मशीन ठेवलीच. शिवाय मशीनचाच वेळ अखेरचा धरायचा, असा नियमही करून टाकला. पुंडलिकरावांनी तो नियम पटाच्या दिवशी सकाळी माइकवर वाचून दाखवायला लावला, म्हणजे मशीन बिघडल्यावर कुणाला पळता येऊ नये.

आता माझा भाग. बाबांच्या डोक्यात आलं की नुसती वेळ मोजून भागणार नाही. पुण्याला, हैदराबादला गेलेल्या पोरांनाही जोडी खांब ओलांडते न ओलांडते तोच आपापल्या फोनवर टाइम दिसला पाहिजे. "घरात कम्पूटरवाली पोरगी असून बाहेरचा माणूस कायले?" असं म्हणून त्यांनी काम माझ्या गळ्यात घातलं. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. नोकरीत मी जे करते ते कुठल्या तरी परदेशी दुकानाच्या पोटात दडलेलं असतं, आईला दाखवता येत नाही. हे गावासमोर चालणार होतं.

मामा, थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही. सर्व्हर म्हणजे एक प्रोग्राम. तो एका ठरलेल्या दारावर कान लावून बसतो. कुणाचा फोन त्या दारात आला की दोघांमध्ये एक जोडणी तयार होते, तिला सॉकेट म्हणतात. (मी घरात दोनदा 'सॉकेट लागतील' म्हटलं, तर बाबांनी वायरमन बोलावून मंडपाच्या खांबाखांबाला प्लगचे बोर्ड ठोकून घेतले. गावातल्या सगळ्यांचे फोन त्या दिवशी फुकट चार्ज झाले. हेसुद्धा मला पुढे महागात पडलं.) आणि त्या जोडणीवरून येणंजाणं सांभाळायला प्रोग्रामच्या आत थ्रेड असतात, त्यांना वर्कर म्हणायचं. मी ठराविक वर्कर ठेवले आणि सोपा नियम केला: एक फोन आला की एक वर्कर त्याच्यापाशी उभा, तो फोन जाईपर्यंत त्याने हलायचं नाही. वर्कर संपले तर नवीन फोनने रांगेत थांबायचं. घरातले फोन जोडून पाहिले, झकास चाललं. मी अमरला फोनवर सांगत होते की वर्कर शंभर ठेवते, भरपूर होतील. ते बाबांनी पडवीतून ऐकलं. पटाच्या दिवशी आचाऱ्याने शंभर माणसांचा आलूभात जास्तीचा शिजवलेला निघाला, आणि बाबा मला कोपऱ्यात नेऊन विचारतात, "तृप्ते, तुये वर्कर आले नाई का अजून? भात गार होऊन राहिला ना!"

पटाचा दिवस उजाडला तो सोन्यासारखा. थंडी, कोवळं ऊन, दानाच्या दोन्ही अंगाला माणूसच माणूस, वडे तळल्याचा वास, आणि बैल तर असे सजवलेले की नवरदेवाने लाजावं. मी मंडपात टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले. अमर शेवटच्या खांबापाशी, त्याच्या डब्याजवळ. पहिली जोडी सुटली, खांब ओलांडला, आणि हातातल्या फोनवर टाइम उमटला. मामा, सगळ्या दानावरून 'हओ! आला, आला!' असा आवाज उठला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हैदराबादहून कुणाच्या तरी पोराचा फोन आला, 'माझ्याकडेही दिसला!' आई शेजारच्या बायकांना सांगत होती, "ते जे दिसून राहिलं ना फोनात, ते मायी पोरगी पाठवते." साकोलीकडची एक जोडी अशी काही धावली की सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. तिचा टाइम सगळ्यात वर जाऊन बसला. पुंडलिकरावांच्याही जोडीचा नंबर होता, पण दुपारी.

दुपारी जेवणवेळेला जनरेटर खोकला. क्षणभरच बंद पडला आणि परत चालू झाला. मी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण माझा सर्व्हर मुंबईकडच्या भाड्याच्या संगणकावर होता, त्याला आपल्या जनरेटरशी काय देणंघेणं. पण अमरच्या डब्याला होतं. डब्याची जोडणी तुटली. वीज आल्यावर तो बिचारा इमानदारीने पुन्हा माझ्या दारात आला, आणि मी त्याच्यासाठी वेगळं दार ठेवलंच नव्हतं! माझ्या लेखी तोही एक पाहुणाच. सगळे वर्कर पाहुण्यांपाशी अडकलेले. आता हे पाहुणे कोण? सकाळी टाइम पाहून फोन खिशात टाकलेले लोक. फोन बोर्डाला चार्जिंगला लावून जेवायला बसलेले लोक. तलावाच्या पाळीवर टॉवर नसलेल्या जागी झोपलेले लोक, ज्यांचे फोन निरोप न घेता निघून गेले होते आणि माझा वर्कर अजून 'काही बोलता का साहेब' म्हणून हात जोडून उभा होता. किती वेळ वाट पाहून निघायचं, हे मी वर्करला सांगितलेलंच नव्हतं. ज्याच्याकडे टाइम आहे तो दाराबाहेर, आणि ज्यांना टाइम बघायचाही नाही ते आत.

फोनांवर काहीच येईना. मी अमरला फोन लावला. म्हटलं, "तुमची मशीन बंद पडली."

"मशीन चालू हाय मॅडम. तुमचं दार बंद हाय."

"माझा सर्व्हर चालूच आहे!"

"असन. पण माया डब्यावर लाल दिवा हाय. म्हणजे टाइम डब्याच्या पोटात हाय अन् तिकडं पोचला नाई. हिरवा झाला की पोचला समजा."

डब्याला पडदा नाही, मामा. नुसते दोन दिवे. आतला टाइम वाचायचा तर तो माझ्या सर्व्हरवर पोचल्याशिवाय वाचता येत नाही. मी जरा चढ्या आवाजात बोलले हे खरं आहे. तो मात्र अजिबात चढला नाही. एवढंच म्हणाला, "घाबरू नका, एकबी टाइम जाणार नाई. तुमी दार उघडा, मी हितंच उभा हाय." (आवाज चांगला आहे. असो.)

मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. सगळ्यांची हकालपट्टी, आता डबा पहिला येईल असं वाटलं. पण खिशातले फोन डब्यापेक्षा चपळ. दार उघडताच लग्नाच्या पंगतीत घुसावं तसे सगळे परत आत, डबा परत बाहेर. मग मी दुसरी अक्कल चालवली. बाबांना म्हटलं, माइकवर सांगा की ज्यांनी ज्यांनी पटाचं ॲप उघडलं असेल त्यांनी ते बंद करावं. बाबांनी घसा ताणून पाच-सहादा पुकारलं. त्याचा परिणाम असा झाला की ज्यांना ॲप आहे हेच माहीत नव्हतं त्यांनीही 'कोणतं ॲप, कोणतं ॲप' करत उघडून पाहिलं. दारातली रांग पाहून मला रडावं की हसावं कळेना. बाबांचा आवाज बसला तो तेव्हा.

जोड्या खोळंबल्या, त्या हाकणारे धुरकरी चिडले, बैल शेपट्या उडवू लागले. लोक ओरडायला लागले, "मशीन फेल! मशीन फेल!" बाबांचा दुपट्टा खांद्यावरून घसरला तरी त्यांना भान नव्हतं. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. आणि तेवढ्यात पुंडलिकराव उठले. जाकिटाच्या आतल्या खिशातून त्यांनी हळूच आपली जुनी घडी काढली, जणू ती सकाळपासून तिथे श्वास रोखून बसली होती. काय टाळ्या पडल्या! गारुड्याचा डबा, कम्पूटर, शिकलेल्या पोरी, सगळ्यांचा माइकवर उद्धार करून त्यांनी सूत्रं हाती घेतली, आणि पट पुढे सुरू झाला.

मी मान खाली घालून लॅपटॉपमध्ये घुसले. ऐकू सगळं येत होतं. आणखी काही जोड्या झाल्यावर पुकारा झाला तो पुंडलिकरावांच्याच जोडीचा. आता आली का पंचाईत! स्वतःची जोडी आणि घडी स्वतःच्याच हातात. त्यांनी घडी बाबांपुढे धरली. बाबा म्हणाले, "नाई दादा, तुमच्यावर भरोसा हाय, तुमीच धरा." बाकी कुणी हात पुढे करेना, कारण पुंडलिकरावांच्या जोडीचा टाइम चुकवून गावात राहायचं कुणी? शेवटी त्यांनीच धरली. जोडी सुटली ती वीज सुटल्यासारखी. आई सांगते, बैल खांबापार झाले, मागची गाडी पार झाली, धुरकऱ्याने कासरा ओढला, तेव्हा कुठे पुंडलिकरावांनी अंगठा दाबला. कुणी म्हणू नये की यानं आपल्या बैलाला झुकतं माप दिलं! मग त्यांनी स्वतः माइक घेऊन जाहीर केलं की त्यांची जोडी दुसरी, साकोलीवाले पहिले. माणूस ताठ उभा होता, एवढं मी पाहिलं. खरं सांगते मामा, त्यांनी मला दिलेले सगळे टोमणे मी त्या क्षणी माफ करून टाकले.

एव्हाना माझं काम होत आलं होतं. मी एका फोनपाशी एक वर्कर उभा करायची पद्धतच मोडली. आता थोडेच वर्कर, आणि ते सगळ्यांमध्ये फिरते: ज्याच्याकडे काही देण्याघेण्याचं असेल त्याच्यापाशी जायचं, काम करायचं, पुढे निघायचं. जो फोन हाक मारली तरी ओ देत नाही त्याची जोडणी सरळ तोडायची. (हे सगळं मला आधी सुचायला हवं होतं. अर्धं लिहूनही ठेवलं होतं, पण पाच फोनांवर झकास चाललं म्हणून आळस केला.) आणि डब्यासाठी वेगळं दार, तिथे एक वर्कर कायमचा, दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही. अमरला नवीन दाराचा नंबर सांगितला. त्याने तो डब्यात भरला. मी सर्व्हर चालू केला आणि डोळे मिटून घेतले.

फोनवर अमर एवढंच बोलला, "हिरवा."

मग पोटातले सगळे टाइम एकापाठोपाठ एक बाहेर आले. मंडपभर फोन टिंगटिंग वाजायला लागले. पटाच्या यादीत नावं खालीवर सरकली आणि थांबली. सगळ्यात वर पुंडलिकरावांची जोडी. साकोलीवाले केसभराने खाली.

आता मजा बघा. मशीन खरी म्हणावी तर पुंडलिकराव जिंकतात, पण मग आठवडाभर गावाला जे ऐकवलं ते खोटं. घडी खरी म्हणावी तर तोंड राहतं, पण बक्षीस जातं. सगळा मंडप त्यांच्याकडे बघत होता आणि ते शेजारच्याच्या फोनकडे. साकोलीचा म्होरक्या उठला, मोठा मिशीवाला माणूस, मला वाटलं आता जुंपते. बसक्या आवाजात बाबा सकाळचा नियम सांगायला लागले, पण कुणाला ऐकूच जाईना. शेवटी पुंडलिकरावांनीच माइक ओढला. म्हणाले, "घडी आपल्या जागी बराबर हाय. अंगठा म्हातारा झाला." आणि घडी बाबांच्या हातात ठेवली.

मिशीवाला म्होरक्या पोट धरून हसला. म्हणाला, "सकाळी मशीनीनं आमाले वर बसवलं तवा आमी नाचलो. आता खाली बसवलं त का रडाचं?" त्यानेच जाऊन पुंडलिकरावांच्या बैलांना पहिला हार घातला. तो हार डाव्या बैलाने तिथल्या तिथे खाल्ला. मग ढोल, गुलाल, आणि शंभर वर्करांचा जो आलूभात उरला होता तो साकोलीवाल्यांना आग्रह करकरून वाढला गेला, त्यामुळे बाबांचा अंदाज अगदीच वाया गेला असं म्हणता येत नाही. पुंडलिकराव माझ्या टेबलापाशी आले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, पुढच्या साली बी तूच." मग इकडे तिकडे पाहून हळूच विचारलं, "ते ॲप माया फोनात टाकून देतं का?"

सगळं नीट पार पडलं. मामीला नमस्कार. गुडघ्याला जपा. उत्तर लिहा, फोन नको.

तुमची भाची,
तृप्ती

ता. क. मामी येताना लाखोरीची डाळ आणणार होती, आठवण द्या. आईने सांगितलं आहे.

ता. क. दुसरा. मामा, डाळीचं निमित्त झालं, खरं काम वेगळं आहे. वर ज्या अमरचा उल्लेख आला आहे (आपण होऊन आला, मी आणला नाही) तो चांगला मुलगा आहे. आम्ही पटाच्या आधीपासून फोनवर बोलतो, सुरुवातीला मशीनीविषयीच. घरी पवनीला आई-वडील, धानाची शेती आणि हे टाइम मोजायचं काम. आमचं दोघांचं ठरलं आहे. पण बाबांना हे सांगायची माझी हिंमत नाही. तुमचा शब्द बाबा मोडत नाहीत. पुढच्या आठवड्यात सहज आल्यासारखं या, आणि सहज निघाल्यासारखा विषय काढा. मामा, एवढं करा हो. आईलाही यातलं काही माहीत नाही, तेव्हा आधी तिच्यापाशी बोलू नका.

ता. क. तिसरा, हा मायावाला. सेवकराम, मी तुयी बहीण धुरपता लिहून राहिली. पोरीनं पाकीट माया हाती देलं पोस्टात टाकाले, डिंक लावाच्या आधी मी वाचलं. तुये भाऊजी परवा 'मंडपाले बांबू पाहून येतो' म्हणून पवनीले गेलते. बांबू नाई आणला. पोराच्या घरी जेवून आले अन् मले म्हणाले, घर चांगलं हाय, पोराची माय वरण मस्त करते. पोराचा बाप आपल्या घरी येणार हाय, दिवस बी ठरला. पोरीले का पोराले यातलं काईच ठाव नाई, तिले वाटते तिचं गुपित हाय. म्हणून तू ये, डाळ आण, पण विषय कायले काढतं? आमी बी काई बोलून नाई राहिलो. फोन वाजला की कोपऱ्यात जाऊन हासते, मंग येऊन म्हणते ऑफिसचा होता. हासू दे तिले आणखी थोडे दिवस.